आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र: खाडीपलीकडच्या मोर्स नवरा-बायकोबद्दल

सप्रेम नमस्कार मंडळी,

अध्यक्ष, सेक्रेटरी ताई, खजिनदार दादा आणि बाकी सगळे, हे पत्र खरं तर कमिटीच्या मेलवरच पाठवणार होते, पण मागच्या दोन मेलना उत्तर आलं नाही आणि तिसऱ्याला अंगठा आला, नुसता अंगठा, म्हणून म्हटलं आता सगळ्यांसमोरच लिहावं. रागावू नका. म्हणजे थोडं रागावलात तरी चालेल पण शेवटपर्यंत वाचा.

विषय दोन आहेत. एक, खाडीपलीकडच्या, म्हणजे आपल्या फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गच्या दाली म्युझियमची, साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराच्या म्युझियमची ट्रिप सलग तिसऱ्या वर्षी कॅन्सल होऊन त्या जागी परत बीचवर पावभाजी ठरली ती. दोन, स्टोरेज युनिटमधले काकांचे दिवाळी अंक. तुम्ही म्हणाल या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध. आहे, जरा दम धरा.

आधी ट्रिपचं. मीटिंगमध्ये जे ऐकलं त्याचा सारांश असा की ती वितळलेल्या घड्याळांची चित्रं आपल्याला काय कळणार, मुलं बोअर होतील, आणि तिथे नागडी चित्रं आहेत. शेवटचं खरंय, आहेत. खजुराहोला सहकुटुंब जातो तेव्हा आपण डोळे मिटून फिरतो का, असो. मुलांचं त्यांना नेल्याशिवाय कळणार नाही. आणि घड्याळांचं म्हणाल तर ते जे जगप्रसिद्ध चित्र आहे, १९३१ चं, ते इथे नाहीच्चे, ते न्यूयॉर्कला मोमामध्ये, म्हणजे तिथल्या मॉडर्न आर्टच्या म्युझियममध्ये आहे. इथे त्याच घड्याळांचं वीसेक वर्षांनी काढलेलं दुसरं चित्र आहे, १९५२ ते ५४ मधलं, अणुबॉम्ब पडून गेल्यानंतरचं, त्यात तो सगळा देखावा पाण्याखाली गेलाय आणि खालची जमीन विटांसारखी सुटी सुटी होऊन तरंगतेय. आणि साइज केवढी, तर तुमच्या लॅपटॉपच्या स्क्रीनएवढी! पोस्टर बघून वाटतं भिंतभर असेल आणि प्रत्यक्षात नाक लावून बघावं लागतं, मागे गार्ड खाकरतो.

पण मला दालीबद्दल एवढं बोलायचंच नाहीये. खरं सांगू का, माणूस म्हणून मला तो फारसा आवडत नाही. स्पेनच्या हुकूमशहाची, फ्रँकोची तरफदारी केली त्यानं, पैशासाठी काय काय केलं, सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नात दिसावं तसं चित्रात आणि लिखाणात आणणाऱ्या लोकांच्या पुढाऱ्यानं, आंद्रे ब्रेतोंनं, त्याच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून त्याला 'आविदा डॉलर्स' असं नाव ठेवलं होतं, म्हणजे डॉलरचा हावरट, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. मला बोलायचंय ते ज्यांच्यामुळे ही चित्रं आपल्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर येऊन पडलीत त्या दोघांबद्दल. रेनॉल्ड्स मोर्स आणि एलेनॉर मोर्स. मला वाटतं आपल्या मंडळातल्या निम्म्या लोकांनी त्यांची नावं ऐकली नसतील आणि गंमत म्हणजे ते दाली-बिली सोडा, ते दोघं आपल्यासारखेच होते.

रेनॉल्ड्सचा जन्म १९१४ चा, डेन्व्हरचा. हार्वर्डला बिझनेसचं शिक्षण, मग क्लीव्हलंडला येऊन प्लास्टिकच्या लाइनमध्ये. इंजेक्शन मोल्डिंगच्या मशिनांना जे जे सामान लागतं ते विकायची त्याची कंपनी. आपल्यात भोसरी-चाकणचे जे लोक आहेत त्यांना डोळ्यांसमोर आलं असेल, ते गरम प्लास्टिक साच्यात दाबून बादल्या, डबे, बटणं काढायचं काम, तो वास. तर हा त्या धंद्यातला माणूस. चित्रकलेतला पंडित नाही, राजघराण्यातला नाही, बापाचा खजिना नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण सर्रिअलिझमची चित्रं जमवणारे म्हटलं की जी नावं पुढे येतात ती सगळी श्रीमंताघरची. इंग्लंडचा एडवर्ड जेम्स घ्या, तिशीच्या दशकात त्यानं दालीशी करारच करून टाकला होता, तू काढ मी घेतो, दालीचा तो रिसिव्हरवर लॉब्स्टर बसवलेला टेलिफोन त्याच्यासाठीच झाला. त्याला वारसा होता. मोर्सकडे सेल्समन होते आणि ऑर्डरी होत्या.

१९४२ मध्ये यांचं लग्न झालं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मोमानं भरवलेलं दालीचं मोठं प्रदर्शन गावोगाव फिरत क्लीव्हलंडला आलं, आणि हे नवविवाहित जोडपं ते बघायला गेलं. आता बघा, आपण नवीन लग्न झाल्यावर नायगाराला गेलो. हे गेले आणि अडकले. मग वर्षभरानं, लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला, मार्च १९४३, युद्ध चालू आहे, इथे साखर आणि पेट्रोल रेशनवर आहे, आणि या दोघांनी पहिलं चित्र विकत घेतलं.

कुठलं? मी नाव मराठीत सांगते, 'संध्याकाळचा लांब पायांचा कोळी... आशा!' १९४० चं आहे, दाली युरोपातल्या युद्धातून पळून अमेरिकेला आला तेव्हाचं. त्यात काय आहे ते ऐका. वाळक्या झाडाच्या फांदीवर एक माणूस ओलं धुणं टाकावं तसा टाकलाय, पीठ पातळ झाल्यासारखा मऊ, हाडं नाहीतच. त्याच्या तोंडापाशी मुंग्या. चेहऱ्यावर मधोमध तो कोळी. एका बाजूला तोफ आहे, तीही दमलेली, कुबडीवर टेकवलेली, आणि तिच्या तोंडातून सडका घोडा आणि लिबलिबीत विमान बाहेर पडतंय. खाली कोपऱ्यात एक छोटं पंखांचं पोर. बास. फ्रेंच लोकांत असं म्हणतात की संध्याकाळी कोळी दिसला की चांगलं होणार, आशा ठेवायची, जशी आपल्याकडे पाल चुकचुकली की म्हातारी माणसं पटकन कृष्ण कृष्ण म्हणतात. म्हणून ते नावातलं आशा. एवढ्या सगळ्या सडक्यात तेवढी एकच गोष्ट त्यानं धरून ठेवलेली.

लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला बायकोला साडी नाही, दागिना नाही, हे. आणि बायको रुसली नाही, तिनंच मिळून निवडलेलं. मला एलेनॉर तिथेच आवडायला लागली.

त्याच वर्षी न्यूयॉर्कला सेंट रेजिस हॉटेलात ते दालीला आणि त्याच्या बायकोला, गालाला, भेटले आणि तिथून पुढे चाळीस वर्षं हे संबंध राहिले. चाळीस वर्षं हो! आपल्या कमिट्या दोन वर्षांत फुटतात. दरवर्षी काही ना काही घ्यायचं, तैलचित्र नाही परवडलं तर ड्रॉइंग, नाही तर पुस्तक, पत्र, कागदाचा चिटोरा. एलेनॉरला फ्रेंच चांगलं यायचं, तिनं दालीवरची मोठमोठी फ्रेंच पुस्तकं इंग्लिशमध्ये आणली. रेनॉल्ड्सनं स्वतः पुस्तकं लिहिली. म्हणजे हे नुसतं भिंतीवर टांगून पाहुण्यांना दाखवणं नव्हतं. आधी चित्र घरात आणलं, मग ते कळून घ्यायला आयुष्य घातलं. आपण उलटं करतो, आधी कळलं पाहिजे मग तिकीट काढू.

स्पेनमधल्या दालीच्या गावालाही ते जायचे, पोर्ट यिगातला. तिथले किनाऱ्यावरचे खडक वाऱ्यानं खाऊन खाऊन असे झालेत की एकाला नाक दिसतं, एकाला उंटाचं तोंड, एक नुसताच झोपलेला चेहरा. दालीच्या चित्रांतले ते विचित्र आकार लोकांना वाटतात डोक्यातून काढले असतील, त्यातले कितीतरी तिथे उन्हात पडलेले आहेत. लहानपणापासून बघत आलेला तो ते. सांगलीला आमच्या जुन्या घराच्या भिंतीला ओल यायची आणि मी तापात पडले की त्या ओलीत मला एक दाढीवाला बाबा दिसायचा, तो दाखवला की आईलाही दिसायचा मग, त्यामुळे मला हे पटायला वेळ लागला नाही.

लोक हसायचे मोर्सना. कारण असं की समीक्षकांच्या मते दाली १९४० नंतर संपला होता, नुसता तमाशा राहिला होता, मिशा आणि जाहिराती, ते लॉलीपॉपच्या कागदावरचं फूल आहे ना, चुपा चुप्स, तेही त्यानंच १९६९ मध्ये करून दिलेलं. चांगल्या म्युझियमवाल्यांना दालीचं तरुणपणीचं हवं, नंतरचं नको. आणि हे दोघं नंतरचंही घेतायत, तेही ही एवढी एवढी, चार मीटर उंच. घरात लावणार कुठे हो.

त्या चार मीटरपैकी एकाची गोष्ट सांगते, म्हणजे आईची गोष्ट. मागच्या वर्षी आई आली होती सांगलीहून सहा महिने, गुडघे दुखतात, आणि बीच-मॉल-मंदिर-कॉस्टको झाल्यावर न्यायचं कुठे हा प्रश्न, म्हणून नेलं म्युझियमला. आधी ती त्या लॉबीतच खूश, ते गोल गोल वर जाणारं काँक्रीटचं जिन्याचं भेंडोळं बघून म्हणाली हे शेवग्याची साल सोलल्यासारखं आहे. वर गेल्यावर सगळ्यांत आधी थांबली ती एका पावाच्या टोपलीपाशी. १९२६ चं चित्र, दाली तेव्हा बावीसेक वर्षांचा, काळोखात पांढरं फडकं, त्यावर वेताची टोपली, चार तुकडे पावाचे, एकाला लोणी लावलेलं. त्या फडक्याची घडी मोडल्याची रेघ सुद्धा दिसते. आई म्हणाली, अगं येतं की ह्याला! म्हणजे चित्र काढता येतं ह्याला. तिला तोवर शंका होती.

मग ते बैलाच्या झुंजीवाल्याचं मोठं चित्र, भास होणारा टोरेआडोर म्हणूया, १९६९-७० चं. समोर बाक आहे, आई बसली गुडघे धरून. मी नेहमीसारखी सांगायला लागले की आई ह्यात एक माणूस लपलाय, ती म्हणाली गप्प बस, मला शोधू दे. दहा मिनिटं झाली. तिला आधी खालच्या बाजूला ठिपक्यांचा कुत्रा सापडला, मग पाण्यात गादीवर पडलेली बाई सापडली, मग उजवीकडे खाली खलाशाच्या कपड्यातला मुलगा, तो म्हणजे दालीच लहानपणचा, वर डावीकडे गालाचं तोंड, फुरंगटलेलं, कारण तिला म्हणे बैलांच्या झुंजी आवडायच्या नाहीत. हात नसलेल्या त्या ग्रीक बायकांच्या मूर्ती ओळीनं उभ्या आहेत त्या तर दिसतातच. आणि एकदम आई म्हणाली, अगंबाई, टाय! हिरवा टाय लावलाय की मेल्यानं! एका मूर्तीच्या कमरेचं वस्त्र हिरवं आहे, तो त्याचा टाय, तिची छाती म्हणजे त्याचं नाक, पोट म्हणजे तोंड आणि हनुवटी, आणि एकदा दिसला ना की मग तुम्हाला मूर्ती दिसेनाशा होतात, तोच दिसतो, डोळ्यात पाणी असलेला. दालीला हा माणूस पहिल्यांदा दिसला तो पेन्सिलच्या डबीवरच्या व्हीनसच्या चित्रात, दुकानात, साधी डबी. आई घरी येईपर्यंत गाडीत खाडीवरच्या हॉवर्ड फ्रँकलंड ब्रिजवर तेच बोलत होती, आणि अजून सांगलीला फोन केला की मावशीला सांगते हिरवा टाय. ज्यांना वाटतं आपल्याला मॉडर्न आर्ट कळत नाही त्यांनी माझ्या आईशी बोलावं, जुनी अकरावी आहे ती.

आता लक्ष द्या, माझा मुद्दा इथे आहे. तो पाव आणि तो टोरेआडोर एकाच छपराखाली आहेत म्हणून आईला कळलं. नुसता टोरेआडोर बघितला असता तर म्हणाली असती भुताटकी आहे. पाव बघितल्यामुळे तिनं दहा मिनिटं दिली त्याला. मोर्सच्या संग्रहात ९६ तैलचित्रं, १९१७ ते १९७०, म्हणजे तेरा वर्षांच्या पोरानं काढलेल्या गावाच्या देखाव्यापासून म्हाताऱ्यापर्यंत, बरी, वाईट, वेडी, सगळी. आणि हे दोघांना पक्कं माहीत होतं की ह्यातली मजा एकत्र असण्यात आहे.

म्हणून पुढची भानगड झाली. १९७१ मध्ये क्लीव्हलंडजवळ बीचवुडला त्यांनी आपल्या ऑफिसच्या बिल्डिंगलाच लागून म्युझियम काढलं. उद्घाटनाला दाली स्वतः आला. लोक इतके यायला लागले की जागा पुरेना आणि वय वाढायला लागलं, आणि भीती अशी की आपण गेल्यावर वारसा कर भरायला मुलांना चित्रं विकावी लागतील. तेव्हा फुकट द्यायला निघाले. फुकट! अट एकच, संग्रह फोडायचा नाही. आणि घेणारा मिळेना. मोठमोठी म्युझियमं म्हणायची की आम्हाला त्यातली अमुक अमुक द्या, बाकीचं बघू. म्हणजे पुरणपोळीतलं पुरण तेवढं द्या.

१९८० च्या जानेवारीत वॉल स्ट्रीट जर्नलला ही बातमी आली की अशी अशी चित्रं आहेत आणि अमेरिकेत कुणी घ्यायला तयार नाही. ती वाचली इथल्या सेंट पीटर्सबर्गच्या एका वकिलानं, जेम्स मार्टिन त्याचं नाव. त्या वेळी हे गाव म्हणजे पेन्शनरांचं गाव, बाकांवर म्हातारे बसलेले असायचे म्हणून प्रसिद्ध. त्या माणसानं फोनाफोनी केली, गावातले लोक गोळा केले, स्टेटकडून पैसे मिळवले, बंदराजवळचं बोटींचं एक गोदाम होतं ते नीट केलं आणि मार्च १९८२ मध्ये म्युझियम उघडलं. म्हणजे बघा, चित्रकलेच्या राजधान्यांनी नाही म्हटलं आणि एका वकिलाच्या सकाळच्या पेपरवाचनानं काम झालं. आपल्या कमिटीत दोन वकील आहेत, नुसतं नोंदवते.

न फोडण्याची अट नसली तर काय होतं तेही ऐका. ब्रेतोंचं मघाशी नाव घेतलं, सर्रिअलिझमचा जाहीरनामा लिहिणारा. त्याचं पॅरिसमधलं घर, ४२ रु फोंतेन, चाळीसेक वर्षं त्यानं तिथे चित्रं, मुखवटे, दगड, पत्रं, किनाऱ्यावर सापडलेल्या वस्तू असं सगळं मांडून ठेवलं होतं. तो १९६६ ला गेला. बायकोनं, मग मुलीनं ते सगळं जसंच्या तसं सांभाळलं, सरकार काहीतरी करेल म्हणून वाट बघितली, आणि शेवटी २००३ च्या एप्रिलमध्ये लिलाव. चार हजारांवर लॉट. बाहेर लोक निषेध करत होते. आत हातोडा पडत होता. एक भिंत तेवढी वाचली, ब्रेतोंच्या टेबलामागची, ती आता पॅरिसच्याच पाँपिदू सेंटर या म्युझियममध्ये आहे. पैसे भरपूर आले, वस्तू चांगल्या घरी गेल्या असतील, मी नाही म्हणत नाही. पण ते घर आता कुणालाच बघता येणार नाही.

इथे मात्र सगळं आहे. आत्ताची बिल्डिंग ११ जानेवारी २०११ ला उघडली, भिंती १८ इंच जाड काँक्रीटच्या, चक्रीवादळासाठी, आणि त्या भिंतीतून फोड आल्यासारखी काच बाहेर आलीय, १०६२ त्रिकोणी तुकडे. रेनॉल्ड्स २००० मध्ये गेला. एलेनॉर नवीन बिल्डिंग होताना होती, पण जुलै २०१० ला गेली, सहा महिन्यांनी हुकलं तिचं. २०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन चक्रीवादळ आलं तेव्हा आठवतंय ना, आपण सगळे आत बसलो होतो बाथटब भरून, आणि ट्रॉपिकाना फील्ड स्टेडियमचं छप्पर कापड फाटावं तसं फाटलं. त्या रात्री मी, खोटं नाही सांगत, स्वतःच्या गाडीच्या आधी त्या पावाच्या टोपलीचा विचार केला. चित्रं तिसऱ्या मजल्यावर असतात, पाणी चढलं तरी पोचू नये म्हणून. काही झालं नाही त्यांना.

मध्येच एक गोष्ट, आपल्यात मुंबईकर बरेच आहेत म्हणून. दालीचा आणि आपला थेट संबंध आहे. १९६७ मध्ये आपल्या एअर इंडियानं त्याच्याकडून अ‍ॅशट्रे करून घेतले, पोर्सेलिनचे, खास प्रवाशांना भेट द्यायला. खाली आधाराला हंस, आणि तेच उलटं धरून बघितलं की हत्तीचं डोकं. बिल काय लावलं त्यानं? हत्तीचं पिल्लू पाहिजे म्हणाला. आणि एअर इंडियानं पाठवलं! बंगळूरहून विमानानं जिनिव्हा, तिथून ट्रकनं त्याच्या गावाला. आज आपण एक जास्तीची बॅग घ्या म्हटलं तर काउंटरवर केवढा तमाशा. ज्या मुलांना बोअर होईल म्हणताय त्यांना ही एवढी गोष्ट सांगा आणि मग विचारा यायचं का.

बरं. आता दिवाळी अंक.

आपले काका, नाव लिहीत नाही, जुन्यांना सगळ्यांना माहीत आहेत, मंडळ स्थापन करणाऱ्यांपैकी, गेल्या वर्षी वारले. त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी जमवलेले दिवाळी अंक, खोकी मी स्वतः मोजलीत, ४१ खोकी, काकूंनी मंडळाला दिले. काही अंक १९४० च्या दशकातले आहेत, 'दीपावली'चे आहेत दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांचे, ते रंग अजून इतके ताजे आहेत की हात लावायची भीती वाटते. आणि त्याच खोक्यांत पुष्कळ रद्दी पण आहे, खरंच रद्दी, भविष्याची पानं, पाककृती, गाईड छाप अंक, सोन्याच्या दुकानाच्या जाहिराती. काकांनी काहीच टाकलं नाही. प्रत्येकावर आतल्या पानावर पेन्सिलीनं तारीख आणि कुठून घेतला ते लिहिलंय. एकावर लिहिलंय, 'दादर स्टेशन, पाऊस, गाडी चुकली.' हे मी खोकी उतरवताना वाचलं आणि तिथेच स्टोरेजच्या शटरखाली बसले थोडा वेळ.

आता ठराव असा आहे की भाडं परवडत नाही म्हणून दलालांची मुखपृष्ठं कापून, कापून हो, फ्रेम करून गणपतीत लिलाव करायचा, चांगल्या लेखकांचे अंक ज्याला हवे त्यानं न्यायचे, आणि उरलेलं रिसायकलला. ठरावामागे वाईट हेतू नाही, मला माहितीय, खजिनदार दादांनी हिशोब दाखवला तो बरोबर होता, महिन्याचं भाडं जातंच. पण हे म्हणजे आम्हाला त्यातली अमुक अमुक द्या बाकीचं बघू, तेच झालं ना. जाहिराती आणि पाककृती टाकल्या की मग त्या घरानं वर्षानुवर्षं काय वाचलं, काय शिजवलं, कुठल्या रेडिओची स्वप्नं बघितली ते गेलं. दलालांचं चित्र फ्रेममध्ये छानच दिसेल, पण ती गाडी चुकलेली संध्याकाळ आतल्या पानावर आहे आणि ते पान निळ्या डब्यात जाणार.

पुण्यात राजा केळकर म्युझियम लहानपणी सगळ्यांनी बघितलंय शाळेच्या सहलीत. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, सुरया, दाराच्या चौकटी, बायकांच्या फण्या जमवल्या आणि सगळंच्या सगळं सरकारला देऊन टाकलं. तेव्हा कुणी म्हटलं असतं की मस्तानी महाल ठेवू आणि अडकित्ते वाटून टाकू तर? मला त्या सहलीतलं फक्त अडकित्तेच आठवतात. एक बाईच्या आकाराचा होता.

माझं मागणं मोठं नाहीये. ठराव रद्द करा असंही मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की तो पुढच्या मीटिंगला न घेता त्याच्या पुढच्या मीटिंगला घ्या आणि मधल्या महिन्यात आपण सगळे, किमान कमिटी तरी, एका शनिवारी खाडी ओलांडून जाऊ. त्या कोळ्याच्या चित्रासमोर उभं राहू, जे एका प्लास्टिकवाल्यानं आणि त्याच्या बायकोनं रेशनच्या दिवसांत पहिल्यांदा घेतलं. तोवर तीन महिन्यांचं स्टोरेजचं भाडं मी आणि आमचे हे मिळून देतो, चेक खजिनदार दादांकडे दिलेला आहे, त्यांनी तो अजून टाकलेला नाही हेही मला माहीत आहे. आणि मधल्या काळात इथल्या युनिव्हर्सिट्यांच्या लायब्रऱ्यांना, शिकागोला, पुण्या-मुंबईच्या संस्थांना मी मेल लिहायला घेतलेत, की सगळी खोकी एकत्र घेणार का, दोन ठिकाणांहून नाही आलंय, बाकीच्यांची वाट बघतेय. मोर्सनाही नाहीच आलं होतं आधी.

शनिवारचं असं करू. सकाळी साडेनऊला नेहमीच्या देवळाच्या पार्किंगमध्ये जमायचं, गाड्या शेअर करायच्या, कारण तिकडे पार्किंग पटकन भरतं. वयस्कर मंडळींसाठी व्हीलचेअर मिळते, मी आईच्या वेळी घेतली होती. आत खाणं चालत नाही, पण मागे बागेत आणि पुढे पाण्याच्या कडेला हिरवळ आहे, तिथे बसून डबे खाता येतात. आम्ही गेलो तेव्हा बागेत एक झाड होतं, त्याला लोक तिकिटाचे हातातले पट्टे इच्छा धरून बांधत होते, आईनं वटपौर्णिमेसारख्या फेऱ्या पण मारल्या, लोक बघत होते, मारू देत. पावभाजी तिथेही होईल, भाजी मी करून आणते पन्नास जणांची, पाव आणि कांदा-लिंबू कोण आणणार तेवढं बुधवारपर्यंत कळवा.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद
(वर्गणी भरलेली, पावती आहे)